जुलाब थांबले, मग पायातली ताकद का गेली? पुण्याचा जीबीएस, नसांवरची साखर आणि मुळशीतला टँकर

आधी पोट बिघडतं. दोन-चार दिवस जुलाब, थोडा ताप. मेडिकलमधून गोळी आणली, ओआरएस प्यायलं, बरं वाटलं, कामाला लागलो. आठ-दहा दिवसांनी सकाळी उठताना पायाला मुंग्या येतात. संध्याकाळी जिना चढताना पाय साथ देत नाहीत. दुसऱ्या दिवशी चप्पल पायात टिकत नाही आणि हातातला चहाचा कप जड वाटायला लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या दवाखान्यांत अशाच तक्रारी घेऊन माणसं येऊ लागली आणि गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव घराघरात पोहोचलं. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला हा पट्टा केंद्रस्थानी होता. मार्चपर्यंत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि संशयित धरून डझनभर मृत्यू नोंदले गेले. केंद्राने सात जणांचं पथक पाठवलं. मग साथ ओसरली, बातम्या थांबल्या आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी 'पनीर खाऊ नका, चिकन खाऊ नका' ही यादीही गायब झाली.

पण एक गोष्ट बहुतेकांना शेवटपर्यंत कळली नाही. पोटातल्या एका जंतूमुळे पाय कसे लुळे पडतात? पोट कुठे, पाय कुठे. याचं उत्तर आहे आपल्या नसांवर असलेल्या साखरेच्या एका साखळीत. ते समजलं की सिंहगड रोडची ही गोष्ट डोंगराच्या पलीकडे मुळशीतल्या लोकांनीही का वाचली पाहिजे, हेही समजतं.

पेशीच्या अंगावरची साखर

साखर म्हटलं की आपल्याला मधुमेह आठवतो. इथे ती साखर नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचं एक पातळ आवरण असतं. त्यातल्या काही रेणूंची रचना मजेशीर असते. चरबीची शेपटी आवरणात रुतलेली, आणि बाहेरच्या बाजूला साखरेच्या मण्यांची छोटी माळ. या रेणूंना ग्लायकोस्फिंगोलिपिड म्हणतात. नाव घाबरवणारं आहे आणि त्यामागची गोष्टही तशीच. १८८४ मध्ये योहान थुडिकम नावाच्या शास्त्रज्ञाला मेंदूच्या अभ्यासात या शेपटीतला एक भाग सापडला. त्याचा स्वभावच कळेना, म्हणून कोडं घालणाऱ्या ग्रीक स्फिंक्सवरून त्याने त्याला 'स्फिंगोसिन' म्हटलं.

ही बाहेरची माळ म्हणजे पेशीची नेमप्लेट समजा. शेजारची पेशी, रोगप्रतिकारशक्ती, आणि जंतूसुद्धा, ही नेमप्लेट वाचूनच ठरवतात की हा आपला की परका. तुमचा रक्तगट ए आहे की बी, हेसुद्धा लाल पेशींवरच्या साखरेच्या शेवटच्या मण्यावर ठरतं. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो जगासमोर आणला. त्या लोकांमध्ये ए आणि बी ज्यावर बसतात तो पायाचाच मणी नसतो. म्हणून त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही.

नसांमध्ये या रेणूंचा एक खास प्रकार भरपूर असतो, गँग्लिओसाइड. त्यांच्या माळेत सायलिक ॲसिड नावाचा एक जादा मणी असतो. एक मणी असेल तर 'जीएम', दोन असतील तर 'जीडी', चार असतील तर 'जीक्यू'. हातपाय हलवणाऱ्या नसांवर जीएम१ जास्त असतं. डोळ्यांचे स्नायू हलवणाऱ्या नसांवर जीक्यू१बी जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नेमप्लेट वाचणाऱ्यांत चोरही असतात. पटकीचं म्हणजे कॉलराचं विष आतड्यातल्या पेशीवरच्या याच जीएम१ ला चिकटून आत शिरतं. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस रक्तगटाच्या साखरेला धरतो. काही लोकांच्या आतड्यात ही साखर तयारच होत नाही, आणि नोरोव्हायरसचे काही प्रकार त्यांना त्रास देऊ शकत नाहीत. एका घरात एकच पाणी पिऊन चौघे आजारी पडतात आणि पाचवा ठणठणीत राहतो, त्यामागे कधीकधी हेही कारण असतं.

वेश बदलून आलेला जंतू

पुण्यातल्या रुग्णांचे शौचाचे नमुने राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, तपासले गेले. काहींत नोरोव्हायरस सापडला आणि काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जीवाणू. हा दुसरा महत्त्वाचा. जगभरात जीबीएसच्या आधी होणाऱ्या संसर्गांत त्याचं नाव सगळ्यात वर असतं.

या जीवाणूच्या अंगावरही साखरेच्या माळा असतात. त्याच्या काही वाणांकडे सायलिक ॲसिडचा मणी जोडण्याची सोय असते. तो मणी लागला की त्यांची माळ हुबेहूब आपल्या जीएम१ सारखी दिसते. गर्दीत पोलिसाचा गणवेश घालून फिरावं तसं. १९९० च्या दशकात जपानचे नोबुहिरो युकी आणि इतर संशोधकांनी हे साम्य दाखवून दिलं. त्याच काळात उत्तर चीनच्या ग्रामीण भागात दर उन्हाळ्यात मुलं अचानक लुळी पडत होती. तिथल्या तपासातूनही बोट याच जीवाणूकडे आणि नसांवरच्या याच साखरेकडे गेलं.

बहुतेकांची प्रतिकारशक्ती हा जंतू ओळखते, मारते आणि विषय तिथेच संपतो. काही थोड्या लोकांमध्ये मात्र ती त्या वेशाविरुद्धच अँटिबॉडी बनवते. जंतू मरतो, जुलाब थांबतात. अँटिबॉडी रक्तात फिरतच राहतात. अशी साखर आणखी कुठे दिसतेय? नसांवर. त्या तिथे जाऊन चिकटतात, नसेचं आवरण किंवा नसेची तारच जखमी होते, आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोहोचत नाही. जुलाब आणि लुळेपणा यांत एक ते तीन आठवड्यांचं अंतर असतं ते यामुळेच. अँटिबॉडी तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

कोणत्या साखरेविरुद्ध अँटिबॉडी बनली त्यावर काय बंद पडणार हे ठरतं. जीएम१ असेल तर हातपाय. जीक्यू१बी असेल तर डोळे हलेनासे होतात, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो. त्या प्रकाराला मिलर फिशर सिंड्रोम म्हणतात. एकाच आजाराची इतकी वेगळी रूपं, आणि फरक फक्त एका मण्याचा. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटली.

याचा एक अनवधानाने झालेला पुरावाही आहे. १९८० च्या दशकात युरोपात नसांच्या दुखण्यावर औषध म्हणून गँग्लिओसाइडची इंजेक्शनं दिली जायची. गुरांच्या मेंदूतून काढलेली. ती घेतलेल्या काही रुग्णांना जीबीएस झाल्याचे अहवाल आले आणि काही देशांनी ते औषध बाजारातून काढून घेतलं.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला होतो का?

नाही. जीबीएस संसर्गजन्य नाही. जीबीएसच्या रुग्णाजवळ बसल्याने, त्याला भरवल्याने काही होत नाही. तेव्हा पुण्यात काही सोसायट्यांच्या ग्रुपवर रुग्णाच्या घरच्यांना लिफ्ट वापरू नका असं सांगण्यापर्यंत गोष्टी गेल्या, त्याला काही अर्थ नव्हता. पसरतो तो आधीचा जुलाबाचा जंतू, आणि तोही दूषित पाण्यातून, कच्च्या अन्नातून, न धुतलेल्या हातांतून.

चिकनचं म्हणाल, तर कॅम्पायलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यात आरामात राहतो, हे खरं आहे. पण नीट शिजवल्यावर तो मरतो. धोका आहे तो कच्चं चिकन नळाखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांचा, आणि त्याच सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरण्याचा.

आकडे काय सांगतात?

जीबीएस एरवीही होतो. जगभरात साधारण दर लाख लोकांमागे वर्षाला एक ते दोन. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साठ-सत्तर लाख लोक धरले तर महिन्याला पाच ते बारा रुग्ण दिसणं 'नेहमीचं' म्हणता येईल. दोन महिन्यांत दोनशेच्या वर, आणि त्यातले बरेचसे एकाच पट्ट्यातले, हे नेहमीचं नव्हतं.

आता दुसरा आकडा. कॅम्पायलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारातल्या एकाला जीबीएस होतो असं मानलं जातं. वाण जास्त खोडकर असेल तर हे प्रमाण वाढेल. पण कसंही मोजलं तरी जीबीएसच्या एका रुग्णामागे जुलाब झालेली कितीतरी माणसं असतात, शेकड्यांनी. ती कुठे नोंदली गेली? कुठेच नाही. जुलाब झाले म्हणून महापालिकेला कोण कळवतं! म्हणजे साथ जानेवारीत सुरू झाली असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर ती आपल्याला जानेवारीत दिसली. पाण्यात घाण मिसळून बरेच दिवस झाले होते.

तपासात पुरावा निसटतो तोही याचमुळे. पाय लुळे पडेपर्यंत जंतू शरीरातून बरेचदा निघून गेलेला असतो. पाण्याचा नमुना घेतला जातो तोपर्यंत ते पाणी वाहून गेलेलं असतं आणि टाकीत नवं, ब्लीचिंग पावडर मारलेलं पाणी आलेलं असतं. वर हा जीवाणू वाढवायला कमी ऑक्सिजन आणि ४२ अंशांच्या आसपास तापमान लागतं, साध्या लॅबमध्ये तो हाती लागत नाही. त्यामुळे 'पाण्याचा अहवाल चांगला आला' या वाक्यावर मी तरी निर्धास्त होणार नाही.

बिल कोणाचं, हॉस्पिटल कोणतं?

जीबीएसवर दोन उपचार चालतात. एक प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे त्या अँटिबॉडी असलेला रक्तद्रव काढून बदलणं. दुसरा आयव्हीआयजी, हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून गोळा केलेल्या अँटिबॉडी शिरेतून देणं. स्टेरॉइडचा इथे उपयोग होत नाही. आयव्हीआयजीचा नेहमीचा डोस किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. पाच ग्रॅमची बाटली धरली तर २४ बाटल्या. तेव्हा एका इंजेक्शनची किंमत वीस हजार रुपयांच्या आसपास असल्याच्या बातम्या येत होत्या. गुणाकार तुम्हीच करा. त्यात आयसीयू आणि व्हेंटिलेटर धरलेला नाही. साधारण चार-पाच जणांतल्या एकाला श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक जण बरे होतात, पण महिने लागतात, आणि सहा महिन्यांनंतरही पाचातला एक जण आधाराशिवाय चालू शकत नाही.

सरकारने मोफत उपचारांची घोषणा केली. पुणे महापालिका हद्दीतल्यांसाठी कमला नेहरू रुग्णालय, पिंपरी-चिंचवडसाठी वायसीएम, आणि ग्रामीण भागासाठी ससून. घोषणा चांगली होती. पण मुळशीच्या नकाशावर ती ठेवून बघा. बावधन, सूस, म्हाळुंगे ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट ग्रामीणच राहिली. सूसमधून नांदे गावाकडे गाडी चालवत गेलात तर हद्द कधी बदलली ते कळत नाही. आधार कार्डवरचा पत्ता मात्र तुमचं हॉस्पिटल ठरवतो.

मग मुळशीचा संबंध काय?

२०२१ च्या ज्या यादीत सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक होतं, त्याच यादीत नांदेड, किरकटवाडी, खडकवासला आणि नांदोशी होतं. एकाच दिवशी महापालिकेत आलेली ही गावं. कर महापालिकेचा सुरू झाला, पाणी मात्र जुन्याच व्यवस्थेतून येत राहिलं. नांदेड-किरकटवाडी पट्ट्यात धरणाचं पाणी विहिरीत घेऊन, तिथेच ब्लीचिंग करून, थेट नळाला सोडलं जात होतं. शुद्धीकरण प्रकल्पातून गाळून येणारं पाणी शहराला, आणि हे पाणी गावाला. साथ आल्यावर ही गोष्ट सगळ्यांना कळली. तिथे राहणाऱ्यांना ती आधीपासून माहीत होती.

मुळशीत धरणाचा प्रश्न आणखी विचित्र आहे. १९२१ मध्ये ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, ते टाटांचं मुळशी धरण याच तालुक्यात आहे. त्याचं पाणी पश्चिमेला बोगद्यातून खाली भिऱ्याला जातं, वीज होते आणि पुढे कोकणात वाहून जातं. धरण तालुक्यात, आणि हिंजवडी-माण-मारुंजीच्या सोसायट्यांच्या गेटवर उन्हाळ्यात टँकरची रांग. तीस-तीस मजली इमारतींना पाणीपुरवठ्याचं नियोजन नसताना परवानग्या मिळाल्या, त्याचं बिल सोसायटीचे मेंबर दर महिन्याला भरतात.

टँकर भरतो कुठे? विहिरीवर किंवा बोअरवर. त्या विहिरीपासून सेप्टिक टँक किती अंतरावर आहे, हे टँकरवाल्याला कोणी विचारत नाही. पुण्यात साथीच्या काळात महापालिकेने टँकर भरण्याच्या ठिकाणांचे नमुने तपासले, काही ठिकाणी दूषित पाणी निघालं, टँकरवाल्यांना क्लोरीन टाकायची सक्ती झाली आणि काही खासगी आरओ प्लांट सील झाले. साथ नसताना हे कोण करतं, हा खरा प्रश्न आहे. ग्रामपंचायत हद्दीत तर टँकर एका गावात भरतो, दुसऱ्या गावात रिकामा होतो. जबाबदारी नेमकी कोणत्या ग्रामसेवकाची?

सोसायटीत, गावात काय बघायचं

कॅम्पायलोबॅक्टर हा पाण्यातला पैलवान नाही. क्लोरीनपुढे तो लगेच मरतो. नोरोव्हायरस जरा जास्त चिवट आहे, पण योग्य मात्रा आणि वेळ दिला तर त्याचाही निभाव लागत नाही. प्रश्न असतो तो मात्रेचा.

दहा हजार लिटरच्या टँकरला लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर २० ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या टीसीएल पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणजे ६० ग्रॅम पावडर. पण ती पोती ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंड उघडं ठेवून महिनोन्महिने पडली की ताकद निघून जाते. निम्म्याहून कमी राहिली तर तीच मात्रा साधायला १३० ग्रॅम लागेल. 'पावडर टाकली होती' हे वाक्य त्यामुळे खरंही असू शकतं आणि निरुपयोगीही. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळावरच खर्च होतं. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावं लागतं, आणि टँकरवाला अर्धा तास थांबत नाही.

म्हणून बघायचं ते शेवटच्या नळाला. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं पाहिजे, हे भारतीय मानक आहे. गावात याला ओटी टेस्ट म्हणतात. क्लोरोस्कोपच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचा, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने ती रोज करून वहीत लिहायची असते. ती वही मागून बघा. महिनाभर रोज एकसारखाच आकडा असेल तर काय समजायचं ते तुम्ही समजालच. सोसायटीत हे काम कोणाचंच नसतं, पण किट काही शे रुपयांत मिळतो आणि सेक्रेटरीपेक्षा दहावीतला मुलगा ते जास्त उत्साहाने करेल.

आरओबद्दल एक गैरसमज आहे. आरओ जंतू काढतो, पण क्लोरीनही काढतो. ते पाणी घरच्या मशीनमधून लगेच प्यायलात तर ठीक. जारमधून आलं, दोन दिवस तसंच राहिलं आणि त्यात कोणी हात घालून ग्लास बुडवला, तर त्या पाण्याचं रक्षण करायला आत काहीच नाही. उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळलेलं पाणी त्यापेक्षा भरवशाचं. गॅस जातो, हे मान्य.

आणि पायाला मुंग्या, दोन्ही बाजूंना वाढत जाणारी अशक्तपणाची भावना, गिळताना त्रास किंवा एकाचे दोन दिसणं यातलं काहीही जुलाबानंतर महिनाभरात झालं तर 'व्हिटॅमिनची कमी असेल' म्हणून थांबू नका. डॉक्टरांना आधीच्या जुलाबाचं नक्की सांगा, कारण ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर जास्त उपयोगी पडतो, आणि श्वास कधीकधी काही तासांत बिघडतो. पौडहून ससूनला पोहोचायला चांदणी चौकातून किती वेळ लागतो, हे मुळशीकरांना वेगळं सांगायला नको.